न पेटलेला दिवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला वर्धापनदिनाला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हटले, "बोलेन, पण विषय माझ्या आवडीचा घेईन." त्यांनी विषय विचारला. मी म्हटले, "जुन्या मोटारीची बॅटरी का उतरते." त्या हसल्या. त्यांना वाटले, मी थट्टा करते आहे. मग माझा चेहरा पाहून त्यांनी वहीत विषय लिहून घेतला खरा. पण शेजारी एक प्रश्नचिन्ह घातलेले मी पाहिले. आज ते प्रश्नचिन्ह पुसावे एवढीच माझी इच्छा आहे.

मी काही वक्ती नव्हे, आणि यंत्रशास्त्र शिकलेली तर नव्हेच. मॅट्रिकला विज्ञानात कशीबशी पास झालेली बाई मी. तेव्हा मी जे सांगणार आहे, ते पुस्तकातले कमी आणि अंगावर पडून शिकलेले अधिक आहे. मोटार हा पुरुषांचा विषय, असे ज्यांना वाटत असेल त्यांना एकच गोष्ट सांगते. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास एका बाईने केला. जर्मनीत ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ ही बाई नवऱ्याने बनवलेली मोटार त्याला न सांगता घेऊन निघाली आणि दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे शंभरएक किलोमीटर, माहेरी गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. एका तारेचे आवरण खराब झाले, तिथे तिने आपल्या मोज्याचा बंद गुंडाळला. टाचणी आणि बंद! आपल्या पिशवीत काय कमी असते?

आता माझी हकीकत. आमच्याकडे १९९१ सालची पद्मिनी होती. तुमच्यातल्या पुष्कळजणींच्या लग्नाची वरात या गाडीतून गेली असेल. मुळात ही इटलीची फियाट. कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली आणि पुढे तिला पद्मिनी हे आपले नाव मिळाले. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतले फोटो पाहून मला गलबलून आले. आम्ही आमची गाडी जुनीच घेतली होती, १९९६ मध्ये. ह्यांनीच मला ती चालवायला शिकवली. ह्यांचा जन्म कारखान्यात हिशेब लिहिण्यात गेला. त्यामुळे शिकवतानाही "या महिन्यात तू क्लच किती झिजवलास" याचा हिशेब मला ऐकावा लागे.

२००४ साली ह्यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडले. आठवड्यातून तीन वेळा डायालिसिस सुरू झाले. सांगलीत आमचे घर, आणि मिरजेच्या इस्पितळात पहाटेची पाळी मिळालेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार. साडेचारला उठायचे, पाचला निघायचे, अंधारात दिवे लावून गाडी चालवायची. चार तास यंत्रावर, मग ऊन वर आल्यावर परत. ह्यांच्या हाताला सुया टोचलेल्या. जरा धक्का बसला की ओठ आवळायचे, पण तोंडातून शब्द नाही. म्हणून मी गाडी अगदी हळू चालवी. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या बेताने म्हणा ना. माझ्या ह्या हळू चालवण्याचा पुढच्या गोष्टीशी फार जवळचा संबंध आहे, म्हणून हे लक्षात ठेवा.

२००५ च्या पावसाळ्यात एका गुरुवारी पहाटे मी चावी फिरवली आणि गाडीने नुसते 'कट् कट् कट्' केले. पुन्हा फिरवली. पुन्हा 'कट् कट्'. मग तेही थांबले. पाऊस पडत होता. हे मागच्या सीटवर शालीत गुंडाळून बसलेले. आदल्या दोन दिवसांचे पाणी अंगात साचलेले, पाय सुजलेले, श्वास वर वर चाललेला. रिक्षा शोधायला मी चौकापर्यंत पळत गेले. रिक्षा मिळून इस्पितळात पोचेपर्यंत पाऊण तास उशीर झाला होता, आणि यंत्र दुसऱ्या रुग्णाला दिले गेले होते. त्यात त्यांची चूक नव्हती. तो माणूसही आमच्यासारखाच होता. ह्यांचा नंबर दुपारी लागला. ते सहा-सात तास मी बाकावर कसे काढले, हे मी सांगणार नाही. तुमच्यापैकी ज्यांनी असा बाक पाहिला आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यावर ती वेळ न येवो.

तुम्ही म्हणाल, गाडी दुरुस्त का करून घेतली नाहीस? केली होती, बायांनो! तीन वेळा केली होती. पहिल्या गॅरेजवाल्याने सांगितले, "बॅटरी गेली." नवी बसवली. तीन आठवडे बरे गेले, मग पुन्हा तेच. तो म्हणाला, "बॅटरीच खराब निघाली, बदलून घ्या." भांडून बदलून आणली. पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजात गेले. तिथल्या माणसाने इंजिन सुरू असतानाच बॅटरीची एक तार फाडकन काढली. म्हणाला, "गाडी बंद पडली नाही, म्हणजे चार्जिंग होतेय." दुसऱ्याच दिवशी चार्जिंग पुरते बंद झाले आणि आल्टर्नेटर उघडून दुरुस्त करण्याचे बिल माझ्या हातात आले. त्याने असे का झाले, ते पुढे सांगते. तिसऱ्याने मीटर लावला, अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन घूंघूं पळवले आणि म्हणाला, "हे बघा, चौदा व्होल्ट. चार्जिंग एक नंबर आहे. बाई, तुम्हीच रात्री दिवा चालू ठेवत असाल."

हे शेवटचे वाक्य मला लागले. कारण ते खोटे आहे असे मला छातीठोकपणे म्हणता येईना. ज्याला आपल्या वस्तूची माहिती नसते, त्याला आपल्यावरचा आरोपही खरा वाटू लागतो.

त्या गुरुवारी रात्री ह्यांना झोप नव्हती, मलाही नव्हती. मी म्हटले, "गाडी विकून टाकू या. रिक्षा ठरवू." हे थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "विकायची तर विकू. पण तोटा कुठे होतो हे पाहिल्याशिवाय दुकान कोणी बंद करतं का? हिशेब लिही."

आणि खरोखर त्यांनी मला वही काढायला लावली. ते म्हणाले, "बॅटरी म्हणजे आपले बँकेतले खाते समज. स्टार्टर, दिवे, हॉर्न, वायपर ही काढलेली रक्कम. इंजिन फिरते तेव्हा आल्टर्नेटर भरतो ती जमा. खाते रिकामे होते, तर कारणे तीनच. एक, खाते ठेवणारी पेढीच बुडीत आहे. दोन, जमा होत नाही. तीन, कोणीतरी न कळत काढून नेतो. सगळ्यांनी पेढीच तीनदा बदलली. जमाखर्च कोणी पाहिला?"

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून दीड-दोनशे रुपयांचा एक मीटर आणला. तो वापरणे भाजी निवडण्यापेक्षा सोपे आहे. मधला खटका डी.सी. व्होल्टच्या वीसच्या आकड्यावर ठेवायचा, लाल काडी बॅटरीच्या अधिक टोकाला आणि काळी उण्या टोकाला लावायची, आणि आकडा वाचायचा. आपल्या गाडीच्या बॅटरीत सहा घरे असतात. प्रत्येक घर साधारण दोन व्होल्टला थोडे वर. रात्रभर विश्रांती घेतलेली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरली. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. नावाला 'बारा व्होल्टची बॅटरी' आणि बारावर ती रिकामी! मला तर हे ऐकून नवल वाटले होते.

बॅटरी बाहेरून पुरती चार्ज करून आणली आणि रोज सकाळी मी मीटर लावू लागले. ह्यांनी पलंगावर पडून आकडे लिहिले. मंगळवारी सकाळी १२.६. मिरजेची एक फेरी झाल्यावर बुधवारी १२.४. गुरुवारच्या फेरीनंतर शुक्रवारी १२.२. शनिवारची फेरी झाली. रविवारी कोल्हापूरला माझ्या बहिणीकडे बारसे होते, म्हणून गाडी निघण्यापूर्वीच मीटर लावला, तो १२.० वर. धक्का देऊन सुरू करावी लागेल या भीतीने मी धाकट्या दिराला बरोबर घेतले आणि मोठ्या रस्त्यावर गाडी त्यानेच चालवली, त्याच्या नेहमीच्या वेगाने. सोमवारी सकाळी मीटर लावते तो काय, १२.५!

हे वही उताणी छातीवर ठेवून म्हणाले, "म्हणजे जमा होते. पण तू चालवलीस की होत नाही."

मी चिडले. पण ते थट्टा करीत नव्हते. गाडी एकच, बॅटरी एकच. आणि शहरात खाते रिकामे होते, मोठ्या रस्त्यावर भरते. त्यांनी खर्चाचाही अंदाज मांडला. गाडीचे पुढचे-मागचे दिवे आणि इंजिनचे कॉइल मिळून बारा-एक अँपिअर घेतात. पहाटे अर्धा तास म्हणजे सहा अँपिअर-तास गेले. परतताना दिवे बंद, तरी कॉइलचे दोन. एका फेरीला आठ. तीन फेऱ्यांना चोवीस. बॅटरी सगळी मिळून पस्तीसची. म्हणजे शहरात जमेच्या बाजूला शून्य असले, तर आठवड्याभरात दिवाळे ठरलेलेच. मीटरचे आकडे आणि हा हिशेब तंतोतंत जुळत होता. मग प्रश्न एवढाच उरला, की शहरात जमा शून्य का?

आमच्या मागच्या आळीत एस.टी.च्या डेपोतून निवृत्त झालेले एक इलेक्ट्रिशियन राहात. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. त्यांना वही दाखवली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "वहिनी, चाळीस वर्षांत असं कुणी माझ्याकडं लिहून आणलं नाही. चला गाडीकडं. पण हातातल्या पाटल्या आधी काढून ठेवा."

मी विचारले, "का हो?"

"तुमचा पाना अधिक टोकावर आणि पाटली गाडीच्या पत्र्यावर टेकली, तर सोनं वितळंल आणि मनगट भाजंल."

भगिनींनो, हे विशेष करून आपल्यासाठी आहे. बॅटरीजवळ हात घालण्यापूर्वी सोन्याच्या बांगड्या, अंगठी, लोंबते मंगळसूत्र काढून किंवा आत खोचून ठेवा. काचेच्या बांगड्यांतून वीज जात नाही. पण आतल्या धातूच्या कड्यातून जाते.

मग मामांनी मला एकेक गोष्ट क्रमाने तपासायला लावली. स्वतः हात लावला नाही. शेजारी स्टुलावर बसून सांगत गेले. तोच क्रम मी तुम्हांला सांगते, कारण जुन्या गाडीच्या चार्जिंगच्या दहा तक्रारींतल्या पुष्कळशा पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरच सुटतात, आणि त्यांना पैसा लागत नाही.

पहिली पायरी बॅटरीच्या टोकांची. तिथे पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी धरते. ती आम्लाची असते. एक पेला गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ओतला की ती फसफसून निघते. मग जुन्या दात घासायच्या ब्रशाने घासायचे, कोरडे करायचे, तार घट्ट आवळायची आणि वरून व्हॅसलीनचे बोट फिरवायचे. मात्र सोड्याचे पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाता कामा नये. तारा काढताना आधी उणी काढायची, आणि लावताना ती शेवटी लावायची. आमच्या गाडीत उणे टोक पत्र्याला जोडलेले होते, म्हणून हा नियम. काही जुन्या इंग्रजी गाड्यांत अधिक टोक पत्र्याला असते, तिथे आधी पाहून मगच हात घालावा.

दुसरी पायरी पट्ट्याची. इंजिनच्या पुढे रबरी पट्टा असतो. तो आल्टर्नेटर फिरवतो, आणि पुष्कळ जुन्या गाड्यांत तोच पाण्याचा पंपही फिरवतो. दोन चाकांच्या मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. जास्त दबला तर घसरतो आणि जमा कमी होते. फार ताणला तर बेअरिंग जाते. आतल्या बाजूने काचेसारखा गुळगुळीत किंवा चिरा पडलेला असेल तर बदलावा.

तिसरी पायरी जमिनीच्या तारेची, म्हणजे अर्थची. इंजिन आणि गाडीचा पत्रा यांना जोडणारी एक विणलेली पट्टी असते. विजेला परत येण्याची वाट तीच. ती गंजली, तर जायची वाट कितीही चांगली असून उपयोग नाही. तपासण्याची रीत अशी: दिवे लावायचे, इंजिन सुरू ठेवायचे, मीटरची एक काडी बॅटरीच्या उण्या टोकाला आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला. आकडा दोन दशांशाच्या आत हवा. जास्त आला तर ती वाट खराब.

चौथी पायरी न कळत होणाऱ्या खर्चाची. गाडी बंद, चावी काढलेली, दारे लावलेली. बॅटरीची उणी तार काढून तिच्या आणि टोकाच्या मध्ये मीटर अँपिअरवर लावायचा. जुन्या गाडीत काहीच जाता कामा नये. घड्याळ किंवा रेडिओ असेल तर अगदी थोडे, पन्नास मिलिअँपिअरच्या आत. जास्त दिसले तर एकेक फ्यूज काढून पाहायचा. ज्याच्या काढण्याने आकडा पडतो तिथे चोर. पुष्कळदा तो डिकीतला न विझणारा दिवा असतो. मात्र मीटर असा लावलेला असताना गाडी सुरू करायची नाही, नाहीतर मीटर जळतो.

आमच्या गाडीत हे चारही ठीक निघाले. म्हणजे 'बाई रात्री दिवा चालू ठेवतात' हा आरोप चौथ्या पायरीवर मिटला. मी काही बोलले नाही, पण मला फार बरे वाटले.

मग मामांनी मीटर बॅटरीवर तसाच ठेवून मला इंजिन सुरू करायला सांगितले. इंजिन सुरू झाल्यावर आकडा वर चढून १३.८ ते १४.४ च्या दरम्यान स्थिरावला पाहिजे. त्याहून फार वर, पंधराच्या घरात गेला, तर बॅटरी उकळते आणि पाणी आटते. आमचा आकडा १२.३ वर होता, वर चढेचना. मग त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबायला सांगितला. इंजिन घूंघूं करू लागले आणि एकाएकी आकडा १४ वर गेला. पाय काढला, तरी १४ वरच राहिला. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, तर पुन्हा १२.३.

मामा स्टुलावरून उठले. खिडकीतून वाकून म्हणाले, "वहिनी, इंजिन बंद करा. आता चावी नुसती एक घर फिरवा. सुरू करू नका. समोर लाल दिवा लागतो का?"

मी पाहिले. "नाही. तो कधीच लागत नाही. म्हणजे सगळे ठीक आहे ना?"

मामा हसले. म्हणाले, "हाच तर रोग. हा दिवा आधी लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. न लागणारा दिवा म्हणजे बरी गाडी नव्हे, मुकी गाडी."

याचे कारण मी तुम्हांला आपल्याच भाषेत सांगते. आल्टर्नेटरमध्ये वीज तयार व्हायची तर आत फिरणाऱ्या भागाला लोहचुंबक व्हावे लागते, आणि तो भाग चुंबक होतो तो विजेनेच. म्हणजे वीज करायला थोडी वीज आधी हवी. दही लावायला थोडे दही लागते, तसेच. हे विरजण बॅटरीतून येते, आणि आमच्या गाडीत ते त्या लाल दिव्याच्या तारेतूनच येत असे. चावी फिरवली की दिव्यातून थोडा प्रवाह आत जातो. म्हणून दिवा पेटतो. इंजिन फिरू लागले, आल्टर्नेटरची स्वतःची वीज तयार झाली, की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो. दोन टाक्यांतले पाणी एका पातळीला आले की मधल्या नळीतला प्रवाह थांबतो ना, तसा दिवा विझतो. दिव्याची तारच तुटलेली असली, तर विरजण मिळत नाही. दूध दूधच राहते.

मग कोल्हापूरच्या रस्त्यावर चार्जिंग कसे झाले? तर भांड्याला आधीच्या दह्याचा अंश लागलेला असतो, तसे त्या लोखंडात मागचे थोडेसे चुंबकत्व शिल्लक असते. इंजिन जोरात फिरले तर तेवढ्यावरही काम सुरू होते, आणि एकदा सुरू झाले की गाडी बंद करेपर्यंत चालू राहते. दीर गाडी पळवत असे. त्यामुळे त्याला अडचण आली नाही. तिसऱ्या गॅरेजवाल्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबूनच मीटर पाहिला. त्यालाही दोष दिसला नाही. आणि मी ह्यांना धक्का बसू नये म्हणून गाडी हळू चालवत होते. माझ्याच हळू चालवण्याने ती पहाट तशी उगवली होती.

हे समजल्यावर मी घरात जाऊन थोडा वेळ एकटी बसले. ह्यांनी विचारले, "काय सापडले?" मी सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे चूक तुझी नव्हे, बल्बची." हिशेबनीसाने खतावणी पुरी केली.

बारा व्होल्टचा, दोन-तीन वॅटचा बल्ब. दहा रुपयांच्या आतली वस्तू. मामांनी डॅशबोर्डच्या मागे हात घालायला लावून तो मलाच बसवायला लावला. चावी एक घर फिरवली, लाल दिवा लागला. इंजिन सुरू केले, तो विझला. अ‍ॅक्सिलरेटर न दाबता मीटरवर १४.१. तीन बॅटऱ्या, एक आल्टर्नेटरची दुरुस्ती, आणि इस्पितळातला तो बाक, हे सगळे एवढ्याशा बल्बासाठी.

त्याआधीची एक गोष्ट राहिली. इंजिन सुरू असताना बॅटरीची तार का काढू नये? फार जुन्या गाड्यांत आल्टर्नेटर नसे, डायनॅमो असे. त्या काळच्या कारागिरांना अशी तार काढून पाहायची सवय लागली होती. आल्टर्नेटरमध्ये मात्र डायोड नावाचे नाजूक तुकडे असतात. बॅटरी एकाएकी तुटली की दाब उसळतो आणि ते जळतात. सवय जुनी आणि यंत्र नवे, अशी गाठ पडली की नुकसान ठरलेले. ज्यांच्याकडे डायनॅमोची गाडी जपून ठेवली आहे, त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: डायनॅमो मंद इंजिनवर चार्ज करीत नाही, म्हणून उभ्या गाडीत लाल दिवा मिणमिणणे हा तिथे दोष नव्हे, वेग घेतल्यावरही तो जळत राहिला तर दोष.

आणखी दोन सावधगिरीच्या सूचना. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तिच्याजवळ काडी ओढू नका, उदबत्तीही नको. गाडीची पूजा करताना निरांजन बॉनेट उघडून बॅटरीपाशी नेऊ नका. आणि बुचांची बॅटरी असेल तर तीत डिस्टिल्ड पाणीच घाला, नळाचे नव्हे. आताच्या पुष्कळ बॅटऱ्या बंदच असतात, त्या उघडू नयेत. अगदी नव्या गाड्यांत आल्टर्नेटरचा दाब संगणक कमीजास्त करतो, त्यामुळे माझे आकडे तिथे जसेच्या तसे लावू नका. पण बारा व्होल्टची बॅटरी, टोकांवरची भुकटी आणि विश्रांतीनंतरचा १२.६ हा आकडा तुमच्या स्कूटरलाही लागू आहे.

त्यानंतर दोन वर्षे आठ महिने मी ह्यांना मिरजेला नेले. आठवड्यातून तीन वेळा. गाडीने एकदाही दगा दिला नाही. दर पहाटे चावी एक घर फिरवून मी थांबत असे. मागच्या सीटवरून ह्यांचा आवाज येई, "लागला का?" मी म्हणे, "लागला." मग सुरू करी. "विझला का?" "विझला." शेवटच्या काही आठवड्यांत त्यांना बोलवत नसे, तेव्हा मीच दोन्ही वाक्ये मोठ्याने म्हणत असे. २००८ च्या मार्च महिन्यात ते गेले.

मला यातून एक गोष्ट कळली, ती सांगून थांबते. आपल्याला तक्रारीचा दिवा पेटला की भीती वाटते, आणि न पेटला की हायसे वाटते. ह्यांचे पाय वर्षभर सुजत होते. ते काही बोलले नाहीत, आणि मला वाटत राहिले की सगळे ठीक आहे. आपल्या घराघरांतून अशी माणसे आहेत, आणि बहुधा त्या आपणच असतो. जी बाई कधीच काही दुखते म्हणत नाही, तिची एकदा चावी फिरवून पाहा. दिवा लागतो की नाही, हे पाहण्यासाठी.

आपल्या मंडळात शिवणाचा वर्ग आहे, पाककृतीचा आहे. पुढच्या वर्षी महिन्यातून एका शनिवारी गाडीची ओळख करून देणारा वर्ग घ्यावा, अशी माझी सूचना आहे. मीटर माझा. गाडीही माझी, ती अजून आहे, आणि आज सकाळी १२.६ वर होती. सोडा आणि जुने ब्रश तेवढे तुम्ही घरून आणा. पाटल्या मात्र घरी ठेवून या.